मेहनतीचे माप

तालमीतल्या मेहनतीचे साहित्य मोजकेच असते. जोर, बैठका, सपाट्या, चढायला एक दोर, फिरवायला मुद्गल, उकरायला मातीचा हौद आणि अंगाला अंग लावायला एक जोडीदार. कोल्हापूरच्या गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत पिढ्यान्‌पिढ्या एवढ्यावरच पैलवान घडले. त्यातले काहीजण सत्तरी ओलांडूनही ताठ चालतात, काहीजण तिशीतच गुडघा धरून बसतात. व्यायाम दोघांनी तोच केलेला असतो. किती करायचे, कधी वाढवायचे आणि कुठे थांबायचे यात फरक पडतो, आणि ते ठरवणे हे वस्तादाचे काम. डाव शिकवणारे पुष्कळ भेटतात. माप ओळखणारा वस्ताद विरळा.

जोर बाहेरून पाहणाऱ्याला सोपा दिसतो. पंजे खांद्याएवढ्या अंतरावर, पाय मागे थोडे फाकवून टेकलेले, कंबर वर. तिथून कोपरे अंगालगत ठेवून आधी डोके, मग छाती, मग पोट दोन्ही हातांच्या मधून जमिनीला घासत पुढे काढायचे, मान वर करून छाती फुलवायची आणि कंबर उचलत मूळ जागी यायचे. एका जोरात खांदे, दंडाची मागची बाजू, छाती, पाठ, कंबर सगळे कामाला लागते. नवा पोरगा पंधरा-वीस जोरांनंतर कंबर सोडायला लागतो, कोपरे बाहेर फाकतात, छाती पुढे निघायच्या ऐवजी नुसती मान हलते. त्यापुढचे जोर गिनतीत भर घालतात, अंगात नाही; वर खांद्यावर नको तो ताण येतो तो वेगळाच. जाणता वस्ताद इथेच ‘बास’ म्हणतो. तो आकडा मोजतच नसतो, त्याची नजर कोपरांवर असते.

बैठकांत फसगत आणखी सहज होते, कारण हातांच्या झोक्यावर लय सापडली की उठबस आपोआप चालू राहते. गामा पैलवान रोज हजारोंनी बैठका काढत, ही कथा प्रत्येक तालमीत सांगितली जाते. आकडा खरा असो की वाढवलेला, एवढी मेहनत पचवायला वर्षे जावी लागतात, ही बाजू कथेत येत नाही. ती ऐकून दुसऱ्या दिवशी एकदम पाचशे बैठका मारणाऱ्या पोराच्या मांड्या भरून येतात आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. हे तरी आठवड्यात ओसरते. पण सवय नसताना अतोनात बैठका काढल्या की स्नायूंच्या पेशी फुटून त्यातली द्रव्ये रक्तात उतरतात, लघवी तांबूस-काळी होते आणि मूत्रपिंडावर बेतते. अशा वेळी मालिश आणि हळद-दूध करत न बसता थेट दवाखाना गाठावा लागतो. तालमींतली आकड्यांची बढाई ही जुनी खोड आहे आणि तिचे कौतुक करण्यासारखे काही नाही.

मेहनत वाढवायची कशी, याचे उत्तर शरीराच्या निरनिराळ्या भागांच्या वेगवेगळ्या चालीत आहे. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती बरीचशी मज्जासंस्थेची असते. असलेले स्नायू अधिक नेटाने, एकजुटीने कामाला लावायला शरीर शिकते. स्नायूंचा आकार वाढायला त्याहून वेळ लागतो. कंडरा आणि सांध्यांचे बंध मात्र सगळ्यांत सावकाश घट्ट होतात, तिथे हिशेब महिन्यांचा असतो. म्हणून दोन-तीन महिन्यांचा पोरगा ताकदीने फुरफुरत असतो आणि दुखापतही नेमकी त्याच सुमारास होते. त्याला दंड वाढलेले दिसतात, आत कंडरा मागे राहिल्या आहेत हे दिसत नाही. या काळात चांगला वस्ताद मेहनत वाढवतो ती एका अंगाने. बैठका वाढवल्या तर दोर तेवढाच, लढत वाढवली तर बैठका कमी. पाच-दहाची भर घालून आठवडाभर तेच ठेवायचे, श्वास आणि चालणे पाहायचे, मग पुढची भर. घाईच्या पोरांना हे कंटाळवाणे वाटते आणि ते कंटाळवाणे असतेही.

हौद उकरणे हे या सगळ्यांत दुर्लक्षित आणि बहुधा सर्वांत मोलाचे काम. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घातलेले असते, आणि पाय पडून ती रोज दबते. फावडे घेऊन ती खालपर्यंत उकरायची, ढेकळे फोडायची, पुन्हा सपाट करायची. यात पाठ, पकड, मांड्या आणि दम एकाच वेळी लागतात, शिवाय हात बदलून दोन्ही बाजू सारख्या कराव्या लागतात. तासभर उकरलेल्या मातीत पडलेल्या गड्याला लागत-खरचटत नाही, हा फायदा उघड आहे. दुसरा असा की ज्या दिवशी मेहनतीत मन नसते, त्या दिवशीही हौद उकरावाच लागतो, कारण मागून दहाजण लढायला उभे असतात. आळसाचा दिवस त्यामुळे पूर्ण वाया जात नाही. एकट्याने घरी व्यायाम करणाऱ्याची गाडी बहुतेक वेळा अशाच दिवशी अडते, कारण त्याने मेहनत नाही केली म्हणून कोणाचे काही खोळंबत नाही.

रोजची लढत ही रोजची कुस्ती नव्हे. खडाखडी करायची, पट काढायचा, ढाक बसतो का पाहायचे, घिस्सा सोडवायचा. मोठा पैलवान लहानाला डाव लागू देतो, लहान पुढे सरकतो, पडतो, पुन्हा उठतो. पूर्ण जोर लावून, दम तुटेपर्यंतची लढत आठवड्यात एखाद-दुसऱ्या दिवशीच. लांब पल्ल्याचे धावपटूही बहुतेक धाव बोलता येईल इतक्या संथ वेगाने घेतात आणि छाती फाडणारी धाव थोडी ठेवतात. हलक्या मेहनतीने दमाचा पाया रुंदावतो, जड मेहनतीने टोक निघते. रोज मधल्याच जोराने झटणाऱ्याला दोन्हीतले काही मिळत नाही. तो कायम अर्धवट थकलेला राहतो आणि ‘एवढे करून वाढ का होत नाही’ म्हणून आणखी करतो.

मेहनतीने शरीर मोडते आणि विश्रांतीत ते भरून येते. दुपारची झोप, आठवड्याची सुट्टी आणि मालिश या तालमीतल्या गोष्टी बाहेरच्याला चैन वाटतात, पण त्या नसत्या तर पहाटेची मेहनत पचलीच नसती. खुराकाबद्दल मात्र तालमींत श्रद्धा अधिक आणि हिशेब कमी. दूध, बदामाची थंडाई, तूप, मटण यांतून प्रथिने आणि उष्मांक भरपूर मिळतात. दिवसाला पाच-सहा तास घाम गाळणाऱ्याला ते लागतातही. पण तूप जास्त म्हणजे ताकद जास्त, असे गणित कुठल्याच शरीरात नाही. आणि झोप जर पाच तासांची असेल तर कितीही बदाम वाटले तरी उपयोग नाही.

वर्षाचाही एक क्रम असतो. जत्रांचे फड मुख्यतः दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत लागतात. श्रावणात नागपंचमीच्या सुमाराला काही ठिकाणी कुस्त्या होतात, पण भर पावसाळा एरवी मोकळा. त्या महिन्यांत जोर-बैठका, दोर, मुद्गल वाढतात, अंग भरते. हंगाम जवळ आला की मेहनत घटते, लढत वाढते, आणि मैदानाच्या आधीचे काही दिवस अंग हलके ठेवले जाते. वर्षभर एकाच ताणाने कोणी टिकत नाही, ही गोष्ट क्रीडाशास्त्राच्या पुस्तकांत टप्पे पाडून सांगितली जाते. तालमीत ती पावसाने आणि जत्रांच्या तारखांनी ठरवून दिली.

खाशाबा जाधवांची वाटचाल या सगळ्याचे ठळक उदाहरण आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेला, तेव्हा त्याची जडणघडण मुख्यतः मातीतली होती आणि तिकडची कुस्ती गादीवरची, निराळ्या नियमांची. सहावा क्रमांक आला. मातीत वाढलेल्या मल्लासाठी तो वाईट नव्हता. पण खाशाबांनी त्यावर समाधान मानले नाही आणि पराभवाचे रडगाणेही लावले नाही. पुढची चार वर्षे त्यांनी गादीच्या कुस्तीला दिली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी लोकवर्गणी झाली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले. बँटमवेट गटात खाशाबांना कांस्यपदक मिळाले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. त्या स्पर्धेत जपानच्या इशी या मल्लाशी झालेल्या लांबलेल्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लाशी खेळावे लागले, आणि विश्रांतीचा हक्क मागायला जवळ कोणी भारतीय अधिकारी नव्हता, असे सांगितले जाते. एवढ्या वरच्या पातळीवरही विश्रांतीची किंमत कशी मोजावी लागते, ते यात दिसते.

सहाव्या क्रमांकानंतर खाशाबांनी जे केले, त्यात मनाचा भाग येतो. तालमीत मनाची ताकद भाषणाने येत नाही, रोज पाठ टेकण्याने येते. नवा पोरगा पहिली दोन वर्षे जवळजवळ रोज चीत होतो, तेही सगळ्यांसमोर, आणि दुसऱ्या पहाटे त्याच माणसासमोर हात मिळवून उभा राहतो. हळूहळू चीत होणे ही बेइज्जती न राहता माहिती होते: कुठला पाय पुढे राहिला, पट लागताना कंबर का उंच होती. ज्याला हे वळण लागते तो टिकतो. ज्याला प्रत्येक लढतीत आपली लायकी पणाला लागल्यासारखी वाटते, तो एकतर तालीम सोडतो किंवा कमकुवत जोडीदार शोधतो. उत्साहाचे म्हणाल तर तो येतो-जातो. पहिल्या महिन्यात उतू जाणारा उत्साह आणि पाचव्या वर्षीची हजेरी यांचा संबंध फारसा नसतो. पाचव्या वर्षीही येणारे बहुतेक वेळा थंड डोक्याचे, थोडे विनोदी आणि स्वतःवर फार न चिडणारे असतात. ज्याला आज तीस जोरांच्या जागी वीसच निघाले, तो वीस नीट काढून, माती झटकून घरी जातो.

पैलवानकी सुटल्यानंतरचा काळ अवघड. लढत थांबते, मेहनत निम्म्याहून खाली येते आणि खुराक मात्र जुन्याच मापाने चालू राहतो. दोन-तीन वर्षांत पोट सुटते, साखर आणि रक्तदाब मागे लागतात. नावाजलेल्या मल्लांच्या बाबतीतही हे घडले आहे. ज्यांनी ताट आधी कमी केले आणि मेहनत पूर्ण सोडली नाही, त्यांचे शरीर राहिले. या वयाला सूर्यनमस्कार चांगला उपयोगी पडतो. जोराची वाट त्यात आहेच, शिवाय पुढे-मागे वाकणे आहे, आणि वेग आपल्या हातात राहतो. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी नमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत रुजवले आणि स्वतः उतारवयापर्यंत घातले. त्यांचा आग्रह रोजच्या नेमावर होता.

कार्यालयात आठ तास बसणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला याच मापाने जाता येते. तिशीनंतर वापर नसेल तर दर दशकाला स्नायूंचे वस्तुमान काही टक्क्यांनी घटत जाते, आणि नुसत्या चालण्याने ही घट पुरेशी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन किंवा अधिक दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. रोज अर्धा तास भरभर चालणे आणि आठवड्यात तीन दिवस जोर-बैठका एवढ्यात हे बसते. जोर भिंतीला हात टेकून सुरू केले तरी चालतात, नंतर ओट्यावर, मग जमिनीवर. बैठक खुर्चीपर्यंत बसून उठण्यापासून सुरू करावी. गुडघे आत वळत असतील तर खोली वाढवू नये. छातीत दुखणे, चक्कर, जुना हृदयविकार असेल तर आधी डॉक्टर.

मेहनतीत खंड सगळ्यांचाच पडतो. लग्नसराई, कापणी, ताप, बदली. दोन-तीन आठवड्यांत दम उतरायला लागतो, ताकद त्यामानाने जास्त दिवस राहते, म्हणून परतल्यावर पहिल्या दिवशी अंग जुन्याच आकड्याला तयार वाटते. तसे करू नये. महिनाभराच्या खंडानंतर पहिला आठवडा निम्म्या मेहनतीने काढावा, लढत शेवटी सुरू करावी. तापानंतर तर भूक आणि झोप पूर्ववत होईपर्यंत फक्त चालावे. पूर्वी कमावलेले स्नायू नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परत येतात, त्यामुळे निम्म्यावरून पूर्ण मापावर यायला बहुधा तीन-चार आठवडे पुरतात. दुखापत असेल तर दुखणारा सांधा सोडून बाकीचे अंग चालू ठेवता येते: खांदा धरला असेल तर बैठका आणि चालणे, गुडघा धरला असेल तर दोर आणि मुद्गल, आणि हौदात उतरायचे ते वस्तादाने जागा दाबून पाहिल्यावर.