पांखरांच्या वांट्याचें पाणी

मथुरा-वृंदावनाची यात्रा आटोपून आग्र्याचा ताजमहाल पाहिला कीं, आपल्याकडील बहुतेक कुटुंबें परतीच्या गाडीची वेळ पाहूं लागतात. आग्र्यापासून सुमारें ५५ किलोमीटरांवर, मुंबई-दिल्ली लोहमार्गावरच असलेलें भरतपूर त्यामुळें डब्याच्या खिडकींतूनच पाहिलें जातें. वस्तुतः महाराष्ट्रीय माणसानें येथें मुद्दाम उतरावें अशीं दोन कारणें आहेत. पहिलें इतिहासाचें. याच राज्यांतील कुंभेरच्या वेढ्यांत १७५४ सालीं अहल्याबाई होळकरांचे पति खंडेराव तोफेच्या गोळ्यानें ठार झाले. आणि पुढें सातच वर्षांनीं पानिपतावरून उपाशी, उघडे, जखमी असे जे आपले लोक दक्षिणेची वाट धरून निघाले, त्यांना त्याच सूरजमल जाटानें व त्याच्या किशोरी राणीनें अन्नवस्त्र देऊन जगविलें. दुसरें कारण पांखरांचें; आणि मौज अशी कीं, त्याचाही आरंभ या सूरजमलापाशींच होतो.

भरतपूरची भूमि सखल. गंभीर व बाणगंगा या नद्यांच्या संगमाजवळ सूरजमलानें अजान नांवाचा बांध घातला, आणि बांधाचें पाणी गांवाजवळच्या खोलगट जागेंत पसरूं लागलें. त्या जागेच्या मध्यभागीं केवलादेव महादेवाचें एक लहानसें देऊळ आहे. त्यावरूनच आजच्या राष्ट्रीय उद्यानास केवलादेव हें नांव मिळालें. क्षेत्र सुमारें २९ चौरस किलोमीटर. म्हणजे फार मोठें नाहीं. आंत शिरण्यास रिक्षा मिळते, आणि ती चालविणारे, ज्यांत शीख बांधव पुष्कळ आहेत, पक्ष्यांचीं नांवें व संवयी इतक्या आपुलकीनें सांगतात कीं, सोबतच्या मुलाबाळांना पुस्तकाची आठवणही होत नाहीं.

देवळाजवळ दगडांवर कोरलेला एक जमाखर्च आहे. संस्थानी काळांत येथें बदकांची शिकार होई, आणि कोणत्या तारखेस कोणत्या पाहुण्यांनीं किती पक्षी मारले तें अभिमानानें कोरून ठेवीत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मंडळींनीं एका दिवसांत ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद तेथें आहे. तीच जागा १९५६ मध्यें अभयारण्य झाली, १९८१ मध्यें पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादींत चिल्का सरोवराबरोबर तिचें नांव लागलें आणि १९८५ मध्यें ती जागतिक वारसा ठरली. मृगयेचें रान एका माणसाच्या आयुष्यांत आश्रयस्थान झालें, हें लहान स्थित्यंतर नव्हे.

बहुतेक प्रवासी येथें हिंवाळ्यांत येतात. तेव्हां उत्तरेकडून आलेलीं बदकें व हंस यांची गर्दी असते. परंतु ते पाहुणे. भरतपूरचा खरा संसार पाहावयाचा तर श्रावण-भाद्रपदांत यावें. पाण्यांत उभ्या असलेल्या बाभळींवर त्या वेळीं चित्रबलाक, चमचे, बगळे, पाणकावळे, पांढरे कुदळे यांचीं घरटीं एकावर एक रचल्यासारखीं दिसतात. एकाच झाडाच्या वरच्या फांद्यांवर एक जात, खालच्या फांद्यांवर दुसरी. शेजाऱ्यांची कुरबूर, काटक्यांची चोरी, पिलांचा कलकलाट, आणि चोंचींत मासा घेऊन परतणाऱ्या आईबापांची अखंड येरझार. ज्यांनीं एका वाड्यांत चार बिऱ्हाडांचा संसार पाहिला आहे, त्यांना हें दृश्य परकें वाटणार नाहीं.

हा सारा संसार पाण्यावर उभा आहे, आणि तो दोन प्रकारांनीं. झाडाभोंवतीं पाणी असलें कीं कोल्हा, रानमांजर यांना घरट्यापर्यंत पोंचतां येत नाहीं. पाणी हीच घरट्याची भिंत. शिवाय नदीच्या पुराबरोबर मत्स्यबीज येतें, उथळ पाण्यांत तें झपाट्यानें वाढतें, आणि पिलांची भूक नेमकी त्याच वेळीं वाढलेली असते. पाणी उशीरा आलें किंवा लवकर ओसरलें, तर पक्षी घरटीं बांधीतच नाहींत, अथवा बांधलेलीं सोडून जातात. उद्यानाची वर्षाची गरज सुमारें ५५ कोटि घनफूट पाण्याची धरली जाते.

हेंच पाणी तुटलें. गंभीर नदीवर वरच्या बाजूस, करौली जिल्ह्यांत, पांचना धरण झालें. २००४ मध्यें पाऊस अपुरा पडला. उद्यानासाठीं पाणी सोडावें अशी मागणी झाली, आणि तेथील शेतकऱ्यांनीं ती मान्य होऊं दिली नाहीं. त्यांना दोष देणें सोपें आहे. पण ज्याच्या शेतांतलें पीक वाळत आहे, त्याला कोसांवरच्या बगळ्यांसाठीं धरणाचे दरवाजे उघडा असें सांगावयास कोणाचें तोंड उघडेल? त्याची गरज खरी होती. पांखरांचीही खरी होती. फक्त पांखरांना अर्ज करतां येत नव्हता.

अशा पेंचांतून वाट काढण्यास सरकारी अनुदान उपयोगी पडलें. गोवर्धन नाल्यांतून पावसाळ्यांत वाहून जाणारें जास्तीचें पाणी नळानें उद्यानांत आणण्याची योजना आंखली गेली. सुमारें १७ किलोमीटरांचा नळ, आणि खर्च सुमारें ५६ कोटि रुपये. तो केंद्र सरकारनें दिला. २०१२ मध्यें काम पुरें होऊन सुमारें ३५ कोटि घनफूट पाण्याची सोय झाली. थोडें पाणी चंबळेचेंही येतें. कोणाच्या शेताचें पाणी न काढतां हें साधलें, म्हणून या खर्चास मीं उधळपट्टी म्हणणार नाहीं. तथापि नळानें आलेल्या पाण्याबरोबर पुराइतकें मत्स्यबीज येत नाहीं. पैशानें पाणी येतें, नदी येत नाहीं.

पैशाची आणखी एक मर्यादा येथेंच दिसून आली. पूर्वीं भोंवतालच्या गांवांच्या म्हशी उद्यानांत चरत. १९८२ मध्यें राष्ट्रीय उद्यानाच्या नियमाप्रमाणें चराई बंद झाली. दंगा झाला, गोळीबारांत गांवकरी प्राणास मुकले. पांखरांच्या कल्याणासाठीं माणसांचें रक्त सांडलें, आणि पांखरांचें कल्याण तरी झालें काय? मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें डॉ. विजयन यांच्या देखरेखीखालीं दहा वर्षें अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला कीं, म्हशी खात होत्या तें गवत आतां माजून उघडें पाणी बुजवीत आहे, आणि त्यामुळें कित्येक पक्ष्यांना जागाच उरली नाहीं. १९९० मध्यें धोक्यांत आलेल्या पाणथळांच्या यादींत केवलादेवचें नांव गेलें. जें काम म्हैस फुकट करीत होती, त्यासाठीं पुढें खर्च करावा लागला.

या अनुभवानंतरची हकीकत अधिक शहाणपणाची आहे. पाणी आटलेल्या जागीं विलायती बाभूळ, जिला आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणतात, ती बेसुमार वाढली होती. २००७ च्या सुमारास ती उपटण्याचें काम भोंवतालच्या गांवकऱ्यांच्या समित्यांस दिलें, आणि मोबदल्यांत निघेल तें लांकूड त्यांचें असें ठरलें. मुळासकट झाड काढावें तेव्हां लांकूड हातीं यावें, असा व्यवहार असल्यामुळें काम मनापासून झालें. ज्या गांवांना भिंतीबाहेर ठेवलें होतें, त्यांचेच हात घरट्यांची जागा मोकळी करण्यास उपयोगी पडले.

तरीही कांहीं गेलें तें गेलेंच. सैबेरियाहून येणाऱ्या शुभ्र क्रौंचांची शेवटची जोडी येथें २००१-०२ च्या हिंवाळ्यांत दिसली. त्यानंतर ते आले नाहींत. त्यांना परत आणणारें अनुदान कोणत्याही खजिन्यांत नाहीं.

सामाईक विहिरीचा गाळ काढण्याची वेळ आली कीं, प्रत्येक बिऱ्हाड दुसऱ्याकडे पाहतें, हें आपल्याला घरोघरीं ठाऊक आहे. सार्वजनिक भूमीचेंही तसेंच. सरकार पैसा देईल, शास्त्रज्ञ निदान करील; परंतु शेजारच्या गांवाचा त्यांत वांटा नसेल तर पाणी पोंचूनही घरटें बसेलच असें नाहीं. सूरजमलानें बांध घातला तो गांवासाठीं. पांखरांनीं त्यांत आपला वांटा ओळखला आणि अडीचशें वर्षें सांभाळला. तो वांटा मोडूं न देणें, एवढेंच आतां आपल्या पिढीकडे आहे. पुढच्या यात्रेंत मथुरेहून परततांना पावसाळ्यांतला एक दिवस भरतपुरास द्यावा, आणि मुलांना त्या बाभळी अवश्य दाखवाव्या.