व्हेनिस, पण हनिमूनवालं नव्हे!

व्हेनिस म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? ‘द ग्रेट गॅम्बलर’मधला (१९७९) गोंडोला आणि त्यात अमिताभ-झीनत. एकदम रोमँटिक! पण या शहराचा दुसरा चेहरा बघायचाय? मग निकोलस रोगचा ‘डोन्ट लुक नाऊ’ (१९७३) बघा आणि मगच बॅग भरा.

डॅफ्ने द्यु मॉरिएच्या कथेवरचा हा सिनेमा. पाण्यात बुडून मुलगी गेलेलं एक जोडपं व्हेनिसला येतं. जॉन (डोनाल्ड सदरलंड) एका जुन्या चर्चच्या दुरुस्तीत गुंततो. लॉराला (आसामात जन्मलेली ज्युली ख्रिस्ती) दोन बहिणी भेटतात. त्यातली आंधळी बहीण सांगते, तुमची मुलगी मला दिसली, ती आनंदात आहे. इकडे शहरात खुनी मोकाट आणि कालव्यातून मृतदेह निघताहेत. लॉरा त्या शब्दांनी सावरते. जॉनच्या लेखी मात्र हे सगळं थोतांड! खरी भीती इथेच आहे, बॉस. ज्याला पुढचं दिसतंय, त्याचाच त्यावर विश्वास नाही.

सिनेमातलं चर्च खरंखुरं आहे : सान निकोलो देई मेंदिकोली. सान मार्को चौकातल्या गर्दीकडे पाठ फिरवा आणि झात्तेरेच्या धक्क्यावरून पश्चिमेला चालत सुटा. शहर संपत आलं की ते सापडतं. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात व्हेनिसमध्ये पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. त्यानंतर सत्तरच्या दशकात ‘व्हेनिस इन पेरिल’ या ब्रिटिश संस्थेनं हे चर्च दुरुस्त केलं. म्हणजे जॉनचं काम पडद्याबाहेरही चालू होतं!

दुसरा स्टॉप सांता मारिया फोर्मोसाजवळचा पालाझ्झो ग्रिमानी. शेवटचा पाठलाग इथे संपतो. पुढचं सांगत नाही, तुम्हीच बघा. आता तिथे म्युझियम आहे.

जायचं कधी? ऐन थंडीत. सिनेमातही सीझन संपलाय, हॉटेलं आवरताहेत. जेवण झालं की मोबाइल खिशात टाका आणि बोळांत खुशाल हरवा. पुलापलीकडे पावलं वाजतात, पण कुणाची ते कळत नाही.

एक गोष्ट मात्र सिनेमापेक्षा भीतिदायक आहे. जुन्या शहरात राहणाऱ्यांचा आकडा २०२२ मध्ये ५० हजारांच्या खाली गेला. रात्री मान वर करून बघा, कितीतरी खिडक्यांत दिवाच नसतो. खुनी पडद्यावरचा होता. हा अंधार खरा आहे.