पावसाआधीचं रबर

सचिन गाव, जूनचा पहिला रविवार. आज दारांचं रबर बदलून झालं.

गाडी सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, फायबरग्लासची, दोन माणसांची, वर कापडी छत. आत रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. अशा गाड्या मुळात थोड्याच बनल्या, त्यामुळे तयार बीडिंग मला कुठं मिळालं नाही. जुन्याचा वीतभर तुकडा खिशात घालून सुरतेत हिंडलो, तेव्हा जुळणारं ईपीडीएम रबर हाती लागलं. (सचिन हे जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याचं संस्थान होतं. कोकण किनाऱ्याशी या गावाचं नातं जुनं. गोव्याची गाडी इथं मला परकी वाटत नाही.)

जुनं रबर ओढताच भुगा झाला. ऊन आणि हवेतला ओझोन त्याला कडक करतात. मग ते दबतं, पण पुन्हा फुगत नाही. तिथूनच पाणी शिरतं. खरी मेहनत वाळलेला गोंद खरवडण्याची. फायबरवर लोखंडी पातं चालवायचं नाही. प्लास्टिकची पट्टी आणि धीर. दोन दारांना अख्खी सकाळ गेली, आणि ती जायलाच हवी होती.

नवं रबर ताणून बसवू नका. ताणलेलं रबर पुढं आक्रसतं आणि कोपरा उघडा पडतो. दाराच्या तळाची निचऱ्याची भोकंही तारेनं मोकळी केली.

मग दारात दहाची नोट धरून दार लावलं, नोट ओढली. सगळीकडे अडकली, बिजागरीजवळ मात्र सुटली. तेवढं पुन्हा बसवलं.

संध्याकाळी सर येऊन गेली. दोन्ही सीट कोरड्या आहेत.