पंख्याला मातीचं कळायला हवं

मागच्या पोस्टमधला कढीपत्त्याचा फोटो बघून मामीने विचारलं, "बाहेर एवढा बर्फ, मग हीटरचं बिल किती येतं गं?" मामी, हीटर नाहीये. ग्रीनहाऊसच्या मातीखाली भोकं असलेले पन्हळी पाइप पुरलेत आणि त्यांना एक पंखा जोडलाय. बस्स. पाइप एकदा पुरले की पुरले. डोकं खातो तो पंखा. म्हणजे तो कधी चालवायचा आणि (जास्त महत्त्वाचं) कधी नाही.

इथे कोलोरॅडोत थंडीतही दुपारी लख्ख ऊन असतं. बाहेर शून्याच्या खाली आणि आत 30 अंश! बरेच लोक ती गरम हवा झडपेतून सोडून देतात आणि रात्री गॅस जाळतात. त्याऐवजी छपराजवळची हवा ओढून मातीखालून फिरवायची, आणि रात्री थंड हवा त्याच वाटेने नेऊन ऊब वर आणायची. आमच्याच राज्यात, बसॉल्ट गावाजवळ 7,200 फुटांवर, जेरोम ओसेंटोव्स्की यांनी अशाच पद्धतीने अंजिरं आणि केळी पिकवली. त्यांचं पुस्तक 2015 साली आलं.

माती हे भलतंच मोठं कोठार आहे. एक घनमीटर ओलसर माती एका अंशाने तापताना जेवढी उष्णता पोटात घेते, तेवढीला दीड-दोन हजार घनमीटर हवा लागते. शिवाय ग्रीनहाऊसमधली हवा दमट. पाइपात ती निवली की दव धरतं, आणि एक लिटर वाफेचं पाणी होताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता मोकळी होते. पाणी भोकांतून मातीत, उष्णताही मातीत.

आता पंखा. साधी सोय म्हणजे दोन थर्मोस्टॅट. हवा 25च्या वर गेली की एक पंखा लावतो, 5च्या खाली गेली की दुसरा. दोघांपैकी कोणीही "हो" म्हणालं की पंखा फिरतो. स्वस्त आणि मस्त! पण दोघांनाही मातीचा पत्ताच नसतो. फेब्रुवारीत सलग ढगाळ दिवस गेले की माती उतरते. हवा 4 आणि माती 5, तरी पंखा इमानेइतबारे रात्रभर फिरत राहतो. माझा पंखा 100 वॅटचा, तासाला सुमारे 500 घनमीटर हवा फिरवतो. माती 10 अंशांनी गरम असेल तर ढोबळ हिशेबाने किलोवॅटभर ऊब मिळते. फरक एकाच अंशाचा असेल तर जेवढी वीज जाते साधारण तेवढीच ऊब येते. मग सरळ शेगडी लावलेली काय वाईट?

म्हणून मध्ये तिसरा भिडू घातला, फरक बघणारा कंट्रोलर. एक सेन्सर छपराजवळ, एक दोन फूट खोल मातीत. दिवसा हवा मातीपेक्षा 5 अंशांनी गरम हवी, रात्री माती हवेपेक्षा 4 अंशांनी गरम हवी, तरच परवानगी. शिवाय चालू आणि बंद होण्यात दोन अंशांचं अंतर, नाहीतर प्रत्येक ढगासरशी पंखा दचकतो.

झडपांचं एक वेगळंच. त्या मेणाच्या नळकांड्यावर चालतात. मेण तापून फुगलं की झडप आपोआप उघडते, विजेशिवाय. झकास कल्पना, पण ती 20 अंशांनाच उघडली तर साठवायची ऊब पंख्याच्या आधी पसार. स्क्रू फिरवून मी ती 30 वर नेली.

नवरा म्हणतो, रात्रीचे 5 अंश फार कमी होतात, 10 ठेव. नाही ठेवणार. ऑक्टोबरातच रोज थोडीथोडी मुदत ठेव मोडली तर जानेवारीत उणे 20च्या रात्री काय काढायचं? 5 अंशांत कढीपत्ता रुसतो, पानं गाळतो, पण मरत नाही.

या सगळ्याची घाई यंदा आहे. गेली सहा वर्षं डिसेंबरात आम्ही कुठे गेलो नाही, रात्री उठून बघायला कोणीतरी हवं म्हणून. या डिसेंबरात सांगलीला आई 80 वर्षांची होतेय. तीन आठवडे घर बंद. शेजारणीकडे किल्ली आहे, पण पहाटे तीनला तिने बर्फातून यावं असं कसं म्हणणार? आणि झाड गेलं तर दुसरं आणता येईल हे नवऱ्याचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त 2017 साली आई इथे आली होती, तेव्हा तिने ते कुंडीतून काढून स्वतः जमिनीत लावलंय. गुडघे दुखत असताना. आता तिच्याच्याने एवढा प्रवास होत नाही.

कंट्रोलर फोनवर आकडे पाठवतो, हे आईला कौतुकाने सांगितलं. तर म्हणाली, "इथे येऊन माझ्याशी बोलणार आहेस, की मातीचा ताप बघत बसणार आहेस?"

तिकिटं 14 तारखेची आहेत. माती आज 17 अंश.