गाजर, बासुंदी आणि मोतीबिंदू

मराठी भाषा मोठी व्यवहारी आहे. वयालाही चाळिशी आणि चष्म्यालाही चाळिशी! एका शब्दात दोन कामं. पुढे साठीच्या आसपास जे येतं, त्याला मात्र तिनं भलतंच गोंडस नाव ठेवलंय: मोतीबिंदू. ऐकणाऱ्याला वाटावं, दागिनाच घडवलाय.

आम्हा बँकेच्या कारकुनांना हा दागिना डॉक्टरांच्या आधी दिसतो. पेन्शनरांची सही आधी रेघ सोडते, मग चौकट सोडते. आमच्या मामांनी तर पैसे काढायच्या स्लिपवर सही केली ती थेट 'अक्षरी रुपये' या ओळीवर. म्हटलं, "मामा, सही खाली." तर म्हणाले, "खालीच केलीया की! तुमच्या बँकंतला दिवा बदला आधी."

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगून ऑपरेशनची तारीख विचारली. मामांनी तारखेऐवजी दोन किलो गाजरं आणली. सकाळी गाजराचा रस, दुपारी कोशिंबीर आणि रात्री, निव्वळ डोळ्यांसाठी म्हणून, गाजराचा हलवा. शिवाय कुरुंदवाडच्या माणसाला नदीपलीकडच्या नरसोबावाडीची बासुंदी वर्ज्य कशी असेल? "परसादाला कसली आलीया साखर!" हे मामांचं वैद्यकशास्त्र. मामांना मधुमेह आहे, हे सांगायचं राहिलंच.

मी पडलो कॉमर्सवाला. त्यामुळे डोळ्याचा हिशेब मी खातेवहीच्या भाषेत समजून घेतला. डोळ्यातलं भिंग म्हणजे जन्माआधीच ठेवलेली मुदत ठेव. त्याच्या गाभ्यातली प्रथिनं आईच्या पोटात तयार होतात, ती पुन्हा बदलून मिळत नाहीत. वय, ऊन, विडी-सिगारेट यांनी ती गढुळत जातात. पालेभाज्या, पेरू, आवळा नेमानं खाणाऱ्यांत मोतीबिंदू काहीसा कमी आढळतो, असं पाहण्यांत दिसलंय. म्हणून कोणी म्हणेल, गोळ्याच घेऊ! तर अमेरिकेत ४,००० हून अधिक लोकांवर सहा वर्षांहून जास्त काळ जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा प्रयोग झाला. २००१ साली निकाल लागला: मोतीबिंदूवर परिणाम शून्य. मेथीची जुडी बाटलीत भरता येत नाही, हेच खरं.

गाजराचं खातं तर वेगळंच. त्यातून 'अ' जीवनसत्त्व मिळतं, त्याच्या अभावी होणारा रातांधळेपणा टळतो. आलेला मोतीबिंदू मात्र गाजरानं उतरत नाही. खरी नावे पडते ती साखर. रक्तात ती वाढली की भिंगात शिरते, तिथं तिचं सॉर्बिटॉल होतं, ते पाणी ओढतं आणि भिंग गढूळ होतं. म्हणजे मामा रसानं जमा करत होते आणि हलव्यानं दामदुपटीनं काढत होते.

हे सगळं मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "पिकू दे की लेका. आंबा कच्चा काढत्यात व्हय?" पूर्वी मोतीबिंदू पिकायची वाट पाहत, हे खरं. पण १९४९ साली लंडनच्या हॅरॉल्ड रिडले यांनी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, त्यालाही जमाना झाला. आता फार पिकलेला मोतीबिंदूच काढायला अवघड.

मामा बधले नाहीत. बधले ते पेपरापायी. मामी त्यांना रोज पेपर वाचून दाखवत, पण निधनवार्ता गाळत. त्यामुळे मामांचा समज असा, की गावात हल्ली कोणी मरतच नाही. एके दिवशी घाटावर त्यांनी कुणाला तरी आपल्या शाळासोबत्याची खुशाली विचारली. त्याला जाऊन दीड महिना झाला होता. मामा घरी आले, तासभर गप्प बसले आणि मला फोन केला, "तारीख घे डॉक्टरची. माझा पेपर मला वाचू दे."

मग आधी साखर ताब्यात आणली. त्यासाठी मामींच्या शेपू-मेथीनं इमानेइतबारे नोकरी केली. ऑपरेशन पार पडलं. आता मामा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, निधनवार्ता सर्वांत आधी. सही चौकटीत बसते.

फक्त एक तक्रार आहे. दृष्टी आल्यावर त्यांना पहिलं काय दिसलं असेल, तर वर्षभर मामी बासुंदीची वाटी अर्धीच भरत होत्या!