दुपारची पट्टी नंबर एक

२००५ चा सोयाबीनचा हंगाम. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. वाशीममधल्या एका धर्मकाट्यावर ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. काट्याच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर मी बसलो होतो, कारण प्रोग्राम माझा होता. पुण्यात नोकरीला असताना मी तो लिनक्सवर लिहिला होता. काटेवाल्यांचे मशीन मात्र विंडोज एक्सपीचे, हिशेबही त्यावरच, त्यामुळे ते बदलणे शक्य नव्हते. शेवटी प्रोग्रामच विंडोजवर नेला.

खरे तर ते तीन प्रोग्राम होते. एक इंडिकेटरच्या केबलमधून वजन वाचायचा, दुसऱ्यात गाडी नंबर आणि शेतकऱ्याचे नाव भरायचे, तिसरा डॉट मॅट्रिक्सवर काटापट्टी छापायचा. आत्ताचे वजन आणि पुढचा पट्टी नंबर या दोन गोष्टी तिघांनाही सारख्याच दिसायला हव्यात. त्यासाठी शेअर्ड मेमरी. बाजार समितीच्या आवारात भावाचा फळा असतो, तसेच हे. एकमेकांना निरोप धाडत बसण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच फळ्याकडे बघायचे. खडू मात्र एका वेळी एकाच्याच हातात हवा. त्या खडूचे काम युनिक्सवर सेमाफोर करतो.

आधी सिगविन वापरून पाहिले. युनिक्सचा प्रोग्राम फारसा न बदलता विंडोजवर उभा करायची ती सोय. कंपाइल पहिल्या फटक्यात झाले, आणि चालवताच ‘बॅड सिस्टिम कॉल’ म्हणून सगळे बंद. शमगेट, शमॅट हे युनिक्सचे कॉल विंडोजकडे नाहीतच. सिगविनमध्ये ते काम सिगसर्व्हर नावाची वेगळी सर्व्हिस करते आणि ती आपण सुरू करावी लागते. सुरू केल्यावर काम झाले. पण भारनियमनाचे दिवस होते. लाइट आली की सर्व्हिस नीट उठली का, हे काट्यावरच्या पोराने तपासायचे, हे मला पटेना. म्हणून तेवढा भाग विंडोजच्या स्वतःच्या क्रिएटफाइलमॅपिंग आणि मॅपव्ह्यूऑफफाइल या कॉलवर नव्याने लिहिला.

त्यात पत्त्यांचा घोळ निघाला. लिनक्सवर मी मेमरी ठरावीक पत्त्यावर जोडून घेत असे आणि आत पॉइंटर ठेवत असे. विंडोजवर तो पत्ता प्रत्येक प्रोग्रामला मोकळा मिळेलच असे नाही. तिथे आधीच एखादी डीएलएल येऊन बसलेली असते. पॉइंटर काढून सुरुवातीपासूनचे अंतर लिहायला लागलो, तेव्हा ते सुटले. मोठमोठ्यांनाही हे चुकलेले नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस त्याच वर्षी जानेवारीत, ८.० आवृत्तीत, पहिल्यांदा थेट विंडोजवर आला, आणि शेअर्ड मेमरी त्याच पत्त्यावर पुन्हा जोडता न येण्याचा त्याचा त्रास २००९ पर्यंत पुरला.

हे जमले म्हणून मी निर्धास्त होतो.

त्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळी पोराने तिन्ही खिडक्या बंद केल्या. मशीन चालूच होते. तासाभराने खिडक्या उघडल्या आणि रांग पुढे सरकू लागली. सकाळी चारशेच्या पुढे गेलेला पट्टी नंबर दुपारी एकपासून सुरू झाला होता. मान वर करून बघायला कोणाला फुरसत नव्हती. संध्याकाळी मुनीमजी पट्ट्यांवरून चुकारे लावायला बसले, तेव्हा एका नंबरवर दोन-दोन नावे निघाली. तेच नंबर हंगामाच्या सुरुवातीला दुसऱ्या शेतकऱ्यांना गेलेले होते. शेलूबाजारकडचे एक म्हातारे गृहस्थ पट्टी हातात धरून माझ्यापुढे उभे राहिले. “माल माहा, अन् नंबर दुसऱ्याचा कसा काय, भाऊ?”

त्यांना सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. कारण कळले ते रात्री. युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह पद्धतीत शेअर्ड मेमरी वापरणारे सगळे निघून गेले तरी ती तशीच राहते. मुद्दाम पुसेपर्यंत किंवा मशीन बंद होईपर्यंत. विंडोजवर शेवटच्या प्रोग्रामने हात काढला की ती नाहीशी होते, आणि पुन्हा मागितल्यावर कोरी मिळते, सगळी शून्ये. मागच्या नोंदीवरून नंबर लावणारा माझा प्रोग्राम मशीन सुरू होताना एकदाच चालायचा. मशीन चालू असेपर्यंत फळा पुसला जाणार नाही, हे मी लिनक्सवर इतके गृहीत धरले होते की ते कुठे लिहूनही ठेवले नव्हते. विंडोजचा नियम चुकीचा नाही. युनिक्सवर मेलेल्या प्रोग्रामची मेमरी मागे राहते आणि आयपीसीएसने शोधून आयपीसीआरएमने काढत बसावे लागते, तोही तापच. चूक दोन्ही नियम एकच समजण्यात होती, आणि ती माझी होती.

मुनीमजी आणि मी पहाटेपर्यंत कार्बनच्या प्रती पसरून वजन, गाडी नंबर आणि नाव जुळवत बसलो. त्या म्हाताऱ्यांचा चुकारा दुसऱ्या दिवशी दुपारी झाला, घरी जायला तिन्हीसांजा झाल्या असतील. सणाच्या तोंडावर त्यांचा एक दिवस गेला तो गेलाच.

नंबर मी तेव्हापासून फाइलमध्ये ठेवतो. आधी तो डिस्कवर उतरतो, मगच पट्टी छापली जाते. शेअर्ड मेमरीत फक्त आत्ताचे वजन असते; ते गेले तर काटा पुन्हा देतोच.

आता आपल्याकडची बरीच मुले जिनिंगसाठी, दालमिलसाठी असली कामे करतात. त्यांना एवढेच सांगायचे आहे: प्रोग्राम दुसऱ्या सिस्टिमवर नेलात की कंपाइल झाला म्हणून उठू नका. सगळ्या खिडक्या बंद करा, परत उघडा, आणि पहिला नंबर काय येतो ते काट्यावर जाण्याआधी स्वतः बघा.