क्रूस आणि काच

आपल्या समाजात संसाराचे गाऱ्हाणे सांगावयास कोणी तोंड उघडले, की ऐकणाऱ्याच्या ओठांवर तीन वाक्ये तयार असतात. पहिले, 'घरोघरी मातीच्या चुली'. दुसरे, 'मुलांच्या तोंडाकडे पाहा'. आणि तिसरे, जे बहुधा आपणां ख्रिस्ती माणसांनाच सुचते, ते म्हणजे 'हा तुझा क्रूस आहे, तो उचल'. तिन्हींत सत्याचा अंश आहे आणि म्हणूनच ती उलटून विचारण्याचे धैर्य सहसा कोणाला होत नाही. सांगणारी व्यक्ती मान खाली घालून घरी जाते आणि पुढे काही सांगावयाचे सोडून देते.

आम्ही उभयता गेली अठरा वर्षे आमच्या धर्मग्रामातील विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात एक सत्र घेत आहोत. आमचा विषय 'पती-पत्नींतील संवाद' हा. शिबिरातील तरुण-तरुणी तेव्हा हसतात, एकमेकांकडे चोरून पाहतात आणि आमचे बोलणे बरेचसे विसरून जातात. तसे ते व्हावेच. परंतु चार-पाच वर्षांनी त्यांच्यापैकी कोणी तरी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात रेंगाळते, किंवा बाजारात भाजीची पिशवी हातात धरून थांबते, आणि इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर हळूच विचारते, "हा स्वभाव म्हणायचा, की आणखी काही?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही अनेकांना तोंडी दिले आहे. ते लिहून काढावे, अशी विनंती ज्या व्यक्तीने केली, तिची हकीकत पुढे येईलच.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. भांडण आणि अवाजवी वागणूक या एकच गोष्टी नव्हेत. दोन माणसे एका छपराखाली राहिली, की मीठ कमी पडल्यापासून सासरच्या लग्नाला किती अहेर द्यावा येथपर्यंत वाद होणारच. निरोगी भांडणात दोघांनाही बोलता येते, दोघांपैकी कोणीही माघार घेऊ शकतो आणि दुसऱ्या दिवशीचा चहा एकत्र होतो. अवाजवी वागणुकीत नियम एकट्याने केलेले असतात आणि ते दुसऱ्यालाच लागू असतात. शिवाय ते बदलत राहतात. काल जेवण लवकर वाढले म्हणून बोलणी खावी लागली, तर आज उशिरा वाढले म्हणून. अशा घरात बिनचूक वागण्याची सोयच नसते.

दुसरी खूण भीतीची. दारातील पावलांचा आवाज ऐकून घरातील माणसे एकाएकी गप्प होत असतील, मुले पुस्तक उघडून बसत असतील, तर त्या घराने कधी मार पाहिला नसला तरी काही तरी बिघडले आहे असे समजावे. तिसरी खूण एकटेपणाची. आधी माहेरी जाणे कमी होते, मग मैत्रिणी सुटतात, मग फोन कोणाचा आला याची विचारपूस आणि शेवटी फोनच तपासला जाणे. चौथी खूण पैशाची. कमावणारे हात एकाचे आणि एटीएम कार्ड दुसऱ्याच्या पाकिटात! पाचवी खूण अबोल्याची. राग आला म्हणून तासभर गप्प बसणे वेगळे आणि शिक्षा म्हणून आठ-आठ दिवस घरातील माणसाला जणू ते नाहीच असे वागवणे वेगळे. यांतील एखादी खूण एखाद्या वेळी कोणत्याही घरात दिसेल. त्या नित्याच्या झाल्या आणि एकमेकींत गुंतल्या, म्हणजे मात्र सावध व्हावे.

आणि हे पतीच करतात असेही नाही. चारचौघांत पतीच्या पगाराची टिंगल करणाऱ्या, त्याला स्वतःच्या वृद्ध आईबापांना भेटू न देणाऱ्या, प्रत्येक वादात जीव देण्याची धमकी घालणाऱ्या पत्नीही आम्ही पाहिल्या आहेत. पुरुषाला तर हे बोलावयासही जागा नसते. लोक हसतील या भयाने तो दारात बसून राहतो, किंवा गुत्त्याची वाट धरतो.

आता ती हकीकत. आमच्या घरातील एक धाकटी बहीण (आम्हां दोघांपैकी कोणाची, हे सांगण्याचे प्रयोजन नाही) मुंबईत नोकरी करते. तिचा पती निर्व्यसनी, शांत आवाजात बोलणारा, रविवारी मिस्सात वाचन करणारा. त्याने तिच्यावर कधी हात उगारला नाही. नाताळात सर्व भावंडे जमली असताना तिने पाकीट उघडले आणि त्यातून पावाच्या, औषधाच्या, रिक्षाच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा खाली पडला. रबर लावून, तारखेनुसार लावलेला. कशासाठी म्हणून विचारता ती सहज म्हणाली, "रात्री हिशेब द्यावा लागतो ना." त्यानंतर आमच्या ध्यानात येऊ लागले, की वसई रोडला उतरल्यावर ती पतीला फोन करते आणि गाडी उशिरा आली असल्यास आम्हांला म्हणते, "तुम्ही जरा सांगा ना त्यांना, खरंच उशीर झाला म्हणून." पस्तिशी उलटलेल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या बाईला गाडीच्या उशिराला साक्षीदार लागत होता.

आम्ही तिला प्रथम काहीच सुचवले नाही. दोन-तीन संध्याकाळी केवळ ऐकले. 'तू काय केलंस म्हणून तो रागावला?' हा प्रश्न आम्ही कटाक्षाने टाळला, कारण तो प्रश्न ती स्वतःला रोज रात्री विचारीतच होती. नंतर तिला एक वही दिली. तारीख, काय घडले, कोणते शब्द बोलले गेले, एवढेच लिहावयाचे. दीड महिन्याने तिने ती वही वाचली आणि म्हणाली, "मला वाटत होतं, महिन्यातून एखाददुसरी वेळ असेल. हे तर रोजचंच आहे." मनाला काचाची सवय होते. कागदाला होत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांना हे रुचले नाही. आई म्हणाली, "बाय, संत मोनिकेचं चरित्र वाच. तिनं कसं सोसलं!" आईचा मान राखून आम्ही ते चरित्र खरोखरच पुन्हा काढले. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मचरित्राच्या नवव्या भागात आईविषयी लिहिले आहे. पिता पॅट्रिशियस प्रेमळ, पण अतिशय तापट होता. तो संतापलेला असताना मोनिका उलट बोलत नसे. मात्र राग निवळल्यावर योग्य वेळ पाहून आपण जे केले ते का केले, हे ती त्याला समजावून सांगत असे. म्हणजे ती बोलत असे! तिने वेळ निवडली होती, मौन नव्हे. चौथ्या शतकातील समाज पत्नीला जवळजवळ दासीच मानत होता आणि तो विचार त्या प्रकरणातही डोकावतो. तो भाग आज आपण उचलू नये. वेळ निवडण्याचे तिचे शहाणपण मात्र जरूर उचलावे.

आमच्या बहिणीने ते उचलले. एका रविवारी दुपारी, मुलगा बाहेर गेला असता, तिने पतीला सांगितले की यापुढे चिठ्ठ्यांचा हिशेब ती देणार नाही. घरखर्चाचे दोघांनी मिळून महिन्यातून एकदा ठरवावे. एकच विषय, थोडे शब्द, आवाज खाली. 'तुम्ही असेच आहात' असा स्वभावाचा पंचनामा तिने केला नाही. 'हे मला चालणार नाही आणि त्याऐवजी असे करू', एवढेच. समंजस माणूस अशा वेळी प्रथम चिडतो, पण मग विचार करतो. त्याने तीन आठवडे अबोला धरला. चौथ्या आठवड्यात त्याने तिचा फोन भिंतीवर आपटला. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. दहा वर्षांचा मुलगा आईला म्हणाला, "कुठे होतीस इतका वेळ? खरं सांग." शब्द बापाचे, आवाज कोवळा. त्या रात्री ती मुलाला घेऊन माहेरी आली.

येथे पुष्कळ श्रद्धाळू माणसांच्या मनात काहूर उठते. विवाह हा संस्कार, देवाने जोडलेले माणसाने तोडू नये. मग घर सोडणे पाप नव्हे काय? आम्ही आमच्या धर्मगुरूंकडे गेलो. त्यांनी १९८३ च्या कॅनन लॉमधील ११५३ वे कलम उलगडून दाखविले. जोडीदाराच्या वा मुलांच्या शरीराला किंवा मनाला गंभीर धोका उत्पन्न होत असेल, अथवा सहजीवन अतिशय कठीण केले जात असेल, तर पीडित जोडीदाराला वेगळे राहण्यास न्याय्य कारण मिळते. त्यासाठी धर्माधिकाऱ्यांचा निर्णय घ्यावा. विलंबात धोका असेल, तर स्वतःच्या निर्णयानेही वेगळे होता येते. कारण नाहीसे झाल्यावर सहजीवन पुन्हा सुरू व्हावे, अशीही त्यात अपेक्षा आहे. विवाहबंधन त्यामुळे तुटत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'अमोरिस लेतित्सिया' या प्रबोधनपत्रात याहून पुढचे सांगितले: इतर सर्व प्रयत्न व्यर्थ ठरल्यावर, दुबळ्या जोडीदाराला आणि लहान मुलांना हिंसा, अपमान व शोषण यांपासून वाचविण्यासाठी विभक्त होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते. पत्नींनी पतींच्या अधीन असावे हे संत पौलाचे वचन आपल्याकडे फार ऐकू येते. एफेसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात त्याच्या लगेच आधी त्याने परस्परांच्या अधीन असण्याविषयी सांगितले आहे, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो.

देशाचा कायदाही ठाऊक असावा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्यात मारहाणीबरोबरच अपमान, टोचून बोलणे आणि पैशाची नाकेबंदी यांनाही हिंसाच म्हटले आहे. घर कोणाच्याही नावावर असो, पत्नीला त्यात राहण्याचा हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवता येते आणि विधी सेवा प्राधिकरणामार्फत स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळू शकतो. आपल्या समाजापुरते आणखी एक. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पत्नीला केवळ क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मिळत नसे. क्रूरतेसोबत व्यभिचारही सिद्ध करावा लागे. ती विषमता २००१ च्या दुरुस्तीने दूर झाली. दिवाणी घटस्फोटाने चर्चमधील विवाह संपत नाही, हे खरेच; परंतु एकशे बत्तीस वर्षे आपल्या मुलींच्या काचाला कायद्याच्या लेखी पुरेसे वजन नव्हते, हेही ध्यानात असू द्यावे.

बहीण माहेरी सात महिने राहिली. त्या काळात फादरांच्या आग्रहाने तिचा पती समुपदेशकाकडे जाऊ लागला. प्रारंभी 'तिलाच समजावा' म्हणून गेला. पुढे स्वतःसाठी गेला. त्याचे वडील आयुष्यभर त्याच्या आईकडून असाच हिशेब घेत आले होते, हे त्याला तेथेच प्रथम बोलता आले. ती परत गेली तेव्हा चार अटी कागदावर होत्या: पगार तिच्या खात्यात, फोन ज्याचा त्याच्याकडे, माहेरी येण्यास परवानगीची गरज नाही आणि समुपदेशन चालू राहील. आज या गोष्टीस तीन वर्षे झाली. अटी पाळल्या जात आहेत. तरीही गाडी उशिरा आली, की तिचा हात अजून आपोआप फोनकडे जातो. हे सर्व आनंदाने संपले असे आम्ही म्हणणार नाही. सुरू झाले आहे, एवढे म्हणू.

प्रत्येक घरात असे होईल याची हमी कोणी देऊ नये. म्हणून काही गोष्टी सांगून ठेवतो. संतापाच्या भरात स्वतःची बाजू मांडत बसू नये. 'उद्या बोलू' म्हणून दुसऱ्या खोलीत जावे. घराबाहेरच्या एका तरी विश्वासू माणसाला सर्व ठाऊक असावे. विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, बँकेची कागदपत्रे यांच्या प्रती अन्यत्र ठेवाव्यात. हात उगारला गेला, गळ्याशी हात गेला, किंवा मारून टाकण्याची भाषा झाली, तर समजुतीची वेळ संपली असे मानावे. ११२ हा क्रमांक किंवा स्त्रियांसाठीचा १८१ क्रमांक लावावा आणि बाहेर पडावे. वागणूक लग्नानंतर अनेक वर्षांनी एकाएकी पालटली असेल, तर आधी डॉक्टर गाठावा. पुरुषांचे नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने दिसते आणि उतारवयातील स्मृतिभ्रंशाचे काही प्रकार विस्मरणाच्याही आधी स्वभाव पालटतात. आजार असेल तर उपचार हवेत. मात्र आजारी माणसाचा मार खात राहणे हा उपचार नव्हे.

आता प्रारंभीच्या त्या तिसऱ्या वाक्याविषयी. प्रभू येशूने क्रूस उचलला तो स्वेच्छेने आणि इतरांच्या जीवनासाठी. आजारी जोडीदाराची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणे, नोकरी गेलेल्या पतीचा हात न सोडणे, हा क्रूस आहे आणि आपल्या धर्मग्रामांत तो मुकाट्याने वाहणारी माणसे आहेत. त्यांना आमचे वंदन. परंतु गळ्यात पडलेल्या दोराने ज्याची कातडी सोलते आणि ज्याने ना बांधणाऱ्याचे भले होते ना बांधलेल्याचे, तो निव्वळ काच आहे. त्याला क्रूसाचे पवित्र नाव देऊन आपण बांधणाऱ्यालाही पापातच ठेवतो.

म्हणून, आईबापहो, लेक संध्याकाळी अवेळी दारात उभी राहिली, तर आधी तिला आत घ्या. पाणी द्या, नातवंडाला जेवू घाला. 'काय केलंस?' हे विचारू नका. आणि लेकाच्या घरून सून रडत बाहेर पडली, तर तिच्या मागे निरोप धाडण्यापूर्वी लेकाला समोर बसवा आणि त्याला विचारा.